ताईच्या गालावरचे चट्टे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ताईला तर नाहीच. तुम्हाला सांगते.

बाबांच्या शेतकरी चळवळीची पत्रकं आमच्या घरात उशापर्यंत असायची. वाचायला मी त्यांवरूनच शिकले. पुढे मीच लिहू लागले. छापलं म्हणजे खरंच — असं आर्णीतली आमची माणसं मानायची.

त्या हंगामात कपाशीवर फवारणी करता करता माणसं दवाखान्यात पडत होती. राग खरा होता. माझाही. नेमके तेव्हाच ताईचे पाय सुजले, गालांवर लाल चट्टे उठले. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासला. ल्यूपस. शरीराचे राखणदारच मूत्रपिंडावर उलटलेत, त्या म्हणाल्या. हा आजार जात नाही, पण निजवता येतो. गोळ्या नेमानं घेतल्या तर मूत्रपिंडं कित्येक वर्षं साथ देतात. स्वतःहून मात्र बंद करायच्या नाहीत. मी थक्क होऊन ऐकत होते. ताई बाहेर गेल्यावर, फवारणीचं विष तर नाही? — हेही विचारलं. 'नाही.' स्पष्ट.

आणि घरी येऊन मी काय केलं? पत्रकावर ताईचा फोटो छापला. खाली ओळ — 'फवारणीचा आणखी एक बळी.' ते चट्टे कागदावर किती बोलत होते!

दिवाळीला तिच्या सासरी गेले, तर गोळ्यांची पाकिटं तशीच.

"तूच लिहिलं ना वं, विष हाय म्हणून? मंग त्याच्यावर अजून गोळ्या कायले? सासूबाई ताक देऊन राह्यल्या. गोळ्यानं सुजलेला चेहराबी उतरला, पाह्य!"

तेव्हा तरी सांगायचं ना? मी म्हणाले, "डॉक्टरीणबाई रागावतील." एवढंच.

पंधरा दिवसांत लघवी जवळजवळ थांबली. धाप. डायलिसिस. सलाइनमधून स्टिरॉइड. आणि मग — अजून माझा विश्वास बसत नाही — मुठीएवढी ती मूत्रपिंडं, इतका मार खाऊन, थेंबाथेंबानं पुन्हा रक्त गाळू लागली. मी लघवीच्या पिशवीकडे देवळात बघावं तशी बघत बसायचे. सगळं परत आलं नाही. उरलेलं किती वर्षं पुरेल, डॉक्टरीणबाई सांगत नाहीत. ताई विचारतही नाही. गोळ्या घेते, मशीनवर ब्लाउज शिवायला बसते.

कुणी त्या पत्रकाचा विषय काढला, की तीच माझी बाजू घेते. "लहान होती वं. चुकली बिचारी."

मी चुकले नव्हते. मला माहीत होतं.