नवा खलबत्ता आणि सहा खड्डे

मुलुंडला आमच्या चाळीपासून चालत जाण्यासारख्या अंतरावर दगड तपासायची एक प्रयोगशाळा होती. ऐंशीच्या दशकात मी तिथे भांडी घासायला आणि लाद्या पुसायला होते. तात्पुरती. चार वर्षं तात्पुरतीच. शेवटी कायम करण्याचा कागद निघाला, फक्त मोठ्या सरांचा शेरा पडायचा राहिला होता.

तिथे तांबं, लोखंड आणि गंधक एकत्र असलेले दगड यायचे. कुणी पितळेसारखा पिवळा, कुणी जांभळा-निळा. बारीक वाटले की सगळे काळेच. मग ती पूड यंत्रात ठेवून तिच्यातून किरण सोडायचे, की पुडीतलं लोखंड कुठल्या दगडाचं ते कागदावरच्या रेघेत उमटायचं. एका रेघेला दोन-तीन दिवस लागायचे. तेवढ्या वेळात ही शिकलेली माणसं चहा पीत बसायची.

जांभळ्या दगडाच्या रेघेत मधोमध खड्डा पडतो. डॉक्टरेट करणाऱ्या एका मिशाळ गृहस्थाच्या रेघेत त्या खड्ड्याच्या दोन्ही अंगांना मिळून आणखी सहा बारके खड्डे पडले. झालं! नवीन खनिज सापडलं म्हणून दोन दिवस तो हवेत. चहावाल्यालासुद्धा सांगून आला.

तिसऱ्या दिवशी मोठ्या सरांनी यंत्र तपासायच्या लोखंडी पत्र्याची रेघ त्याच्या रेघेवर ठेवली. सहाच्या सहा खड्डे जुळले. नवीन खनिज म्हणजे साधं लोखंड.

"पुडीत लोखंड आलं कुठून?" सर कडाडले.

मिशाळाने क्षणभरही विचार केला नाही. "मावशी तारेच्या घासणीने भांडी घासतात, सर."

सर माझ्याकडे वळले. "मावशी, असं असेल तर तुमच्या कागदावर मी चांगलं काय लिहू?"

चार वर्षं अशी एका वाक्यात जाणार होती. मी नारळाची शेंडी पुढे धरली. "याने घासते मी. तार असेल तर शोधून दाखवा." मग मिशाळाला विचारलं, "तू पूड कशात वाटलीस रे?"

"खलबत्त्यात. अकीक दगडाचा खल सरांच्या कपाटात, कुलपात होता."

"म्हणजे मोठे खडे फोडायला गेल्या आठवड्यात आणलेल्या नव्या लोखंडी खलबत्त्यात?"

"हो. लोखंड काय झिजतं का, मावशी?"

मला हसू आवरेना. "आमच्याकडे पाट्याला टाकी लावली की पहिलं वाटण फेकून देतात. पाट्याची कच वाटणात येते, हे परकरातल्या पोरीलाही कळतं. नव्या लोखंडात तू तासभर दगड घोटलास आणि वर विचारतोस?"

सरांनी कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक पुडीवरून फिरवलं. कागदावर काळे केस उभे राहिले. जांभळा दगड लोहचुंबकाला चिकटत नाही, हे त्या दोघांना चांगलं ठाऊक होतं. पण पुडीवर लोहचुंबक फिरवून बघायचं सुचलं ते भांडीवालीने तोंड उघडल्यावर.

"आधी सांगायचं ना, मावशी," एवढंच सर म्हणाले, आणि माझ्या कागदावर 'काम समाधानकारक' लिहून सही केली. चुकलं असं दोघांपैकी एकही म्हणाला नाही.

मी कायम झाले. दुसऱ्या दिवशी भिंतीवर टंकलेली सूचना लागली: 'सफाई कामगारांनी लोखंडी खलबत्त्यास हात लावू नये.' मी चौथी शिकलेय, मला वाचता येतं. त्या दिवसापासून तो खलबत्ता मी धुतला नाही. त्या मिशाळाला धुवायला लावला.