फक्त रॅम राहिली होती

आमचे दाजी कुठलीही वस्तू घ्यायच्या आधी तिच्यावर नाराज झालेली माणसं शोधायचे. मोबाइलवर पाच तारे देणाऱ्यांचं ते वाचायचेच नाहीत. एक तारा देणाऱ्यांपासून सुरुवात करायचे, आणि कुकर असो, कूलर असो की साधी इस्त्री, त्या नाराज लोकांचं सगळं म्हणणं मन लावून वाचून काढायचे. "चांगलं काय, पंगतीत जेवून उठलेला कुणीही बोलतो," ते म्हणायचे. "खरं ऐकायचं असेल तर ज्याच्या पानात जिलेबी पडली नाही, त्याला गाठायचं."

ताईला बघायला आले तेव्हाही त्यांनी हेच केलं. पोहे झाले, चहा झाला, आमच्या वडिलांनी, आबांनी, रीतीप्रमाणे सांगितलं, "तुम्हाला मुलीला काही विचारायचं असेल तर विचारा." दाजींनी विचारलं, "तुमच्याबद्दल घरच्यांची सगळ्यात मोठी तक्रार काय आहे?" आबांचा कप ओठांपाशीच थांबला. ताई मात्र जराही न बिचकता म्हणाली, "भूक लागली की मी कुणाचं ऐकून घेत नाही." दाजींनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "हे चालेल. हे घरच्या घरी दुरुस्त होतं." लग्न ठरलं.

आम्ही मूळचे सांगली जिल्ह्यातले, विट्याकडचे. तिकडची बरीच माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. जुने दागिने, सोन्याचांदीचा चुरा भट्टीत वितळवून, तेजाबात म्हणजे ॲसिडात घालून शुद्ध करायचा, हे ते काम. आबा लखनौच्या चौक भागात तेच करतात. दाजींचे वडीलही तेच करायचे, आणि त्या धुरानं त्यांची छाती गेली. दाजी स्वतः सोळाव्या-सतराव्या वर्षी मामाच्या भट्टीवर कामाला म्हणून लखनौला आले, पण भट्टीपाशी टिकले नाहीत. त्यांना आगीतून बाहेर काढलं ते त्यांच्या आवाजानं. एका कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्रात मराठी बोलणारी माणसं हवी होती. दाजी तिथे लागले. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावातून कुणी तक्रारीचा फोन लावला आणि मराठीचं बटण दाबलं, की तो लखनौत बसलेल्या दाजींच्या कानात वाजायचा.

आपण कुठून बोलतो हे सांगायची त्यांना मनाई होती. एखादी म्हातारी विचारायची, "बाळा, तू कुठल्या गावचा?" तर हे म्हणायचे, "तुमच्या जवळचाच, आजी. आधी घोटभर पाणी प्या, मग सावकाश सांगा काय झालं ते." त्यांचे फोन लांबायचे आणि वरचा साहेब ओरडायचा. "यार, आप उनकी शिकायत सुनते हैं या पूरी ज़िंदगी?" दाजी घरी येऊन ही नक्कल करायचे. मग ताई म्हणायची, "बरोबर बोलला तो. माझं ऐकायला कधी इतका वेळ नसतो तुम्हाला."

माझ्या कॉलेजचाही निर्णय त्यांच्याच पद्धतीनं झाला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. कुणाला विचारायचं, काय बघायचं, काहीच कळत नव्हतं. दाजी म्हणाले, "चला मेव्हणीबाई, नाराज मुलं शोधू." दोन कॉलेजांच्या गेटवर उभे राहून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते, "भैया, यहाँ की सबसे बड़ी शिकायत क्या है?" मी लाजेनं ओढणीत तोंड लपवून लांब उभी. एका गेटवर मुलं म्हणाली, टीचर आते ही नहीं. दुसऱ्या गेटवर म्हणाली, पंखे नहीं चलते. दाजींनी मला दुसऱ्या कॉलेजात घातलं. "जिथे पंख्याची तक्रार आहे, तिथे मुलं वर्गात बसत असणार," ते म्हणाले. ते खरं निघालं. पंख्यांचंही खरं निघालं.

दाजींना एकच शौक होता, गेमचा. पण मोबाइलवरच्या गेमवर त्यांचा राग होता. "पूर्वी विट्यात टीव्हीला जोडायची कॅसेट मिळायची. एकदा घेतली की संपलं. हरा, जिंका, कॅसेट तुमची. आता गेम फुकट देतात आणि आत गेलं की दार उघडायचे पैसे, तलवारीचे पैसे, जाहिरात नको असेल तर तिचे पैसे. हे खेळणं नाही, हे भाड्याच्या घरात राहणं झालं. तेवढं मी तेलीबागेत करतोच आहे." तेलीबागेतली त्यांची घरमालकीण दर वर्षी भाडं वाढवताना म्हणायची, "महँगाई तो आप देख ही रहे हैं भैया." दाजी म्हणायचे, "महागाई मलाच दाखवते आणि माझ्याकडूनच वसूल करते."

त्यांना हवा होता तो ट्रक चालवायचा गेम. त्यासाठी बरा कॉम्प्युटर लागतो. मी एकदा विचारलं, "दाजी, एवढ्या भारी कॉम्प्युटरवर नुसता ट्रक? मारामारी वगैरे काही नाही?" तेव्हा ते म्हणाले, "दिवसभर कानात माणसं ओरडत असतात गं. मला संध्याकाळी तासभर रिकाम्या रस्त्यानं जायचंय. शेजारी कुणी बोलणारं नको." मला त्या वेळी ते हसण्यासारखं वाटलं होतं. आता वाटत नाही.

तयार कॉम्प्युटर परवडणारा नव्हता आणि हप्त्यांवर घ्यायला त्यांचा विरोध होता. म्हणून त्यांनी तो सुटा सुटा जमवायला घेतला. जो भाग स्वस्त झाला, तो त्या वेळी घ्यायचा. आधी नुसती रिकामी पेटी आली. मग पंखा. मग स्क्रीन, कुणीतरी खोकं फाटलं म्हणून परत केलेली. मग पॉवर सप्लाय, मग मदरबोर्ड, मग प्रोसेसर. प्रत्येकाआधी नाराज लोकांचं वाचन व्हायचं. सगळं कपाटावर खोक्यांतच रचलेलं असायचं आणि ताई धूळ झटकताना पुटपुटायची, "लोकांच्या सवती एकदम घरात येतात. माझी तुकड्या-तुकड्यानं येतेय."

"अजून डोकं यायचंय तिचं," दाजी आतून ओरडायचे.

थांबणं ही दाजींची श्रद्धा होती. वस्तू आज महाग वाटली तर थांबायचं, सेल येईल, नवीन मॉडेल आलं की जुनं उतरेल. शाळेत असल्यापासून त्यांनी हेच पाहिलं होतं की डाळ, तेल, गॅस, भाडं वर चढतं आणि टीव्ही, फोन, मशीनचे भाग खाली येतात. घरखर्चात दर महिन्याला काहीतरी कापलं जायचं. आधी रविवारचं मटण गेलं, मग ताईचं शिवणयंत्र दुरुस्त करायचं राहिलं, मग गावाकडची दिवाळी. दाजींना ते लागायचं, पण ते हताश होत नसत. निदान एका बाजूनं काळ आपल्या बाजूचा आहे, असं त्यांना वाटायचं.

अखेर फक्त रॅम राहिली. रॅम म्हणजे एक छोटीशी पट्टी असते, बोटापेक्षा थोडी लांब. सगळ्यात स्वस्त भागांपैकी एक, म्हणून दाजींनी ती शेवटी ठेवली होती. तिच्याशिवाय कॉम्प्युटर सुरूच होत नाही. "ही काय, कधीही मिळेल. दिवाळीच्या सेलला घेऊ," ते म्हणाले.

त्याच सुमारास ऑफिसातून ते एकदा रेवडीचा डबा घेऊन आले. साहेबानं त्यांचं सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं. त्यांच्या फोनची रेकॉर्डिंग 'आदर्श नमुना' म्हणून निवडली होती. "बघ," ते ताईला म्हणाले, "फोन लांबवतो म्हणून शिव्या देत होते, आता तेच फोन वर पाठवतायत. नव्यांना शिकवायला." आबांनी रेवडी तोंडात टाकत म्हटलं, "मग पगार वाढवा म्हणावं." दाजी हसले. नवे कोण, हे कुणीच विचारलं नाही.

दिवाळीच्या सेलमध्ये रॅम स्वस्त झाली नाही. उलट वाढली होती. दाजींनी थांबायचं ठरवलं. पुढे ती दुप्पट झाली आणि तरी वाढतच राहिली. मी त्यांना मोबाइलवर ते आकडे बघत बसलेलं पाहिलं आहे. आता ते तक्रारी वाचत नव्हते, नुसता भाव बघत होते. मी म्हटलं, "दाजी, उतरेल की." त्यांनी फोन उलटा ठेवला. "डाळ महागणार हे धरूनच मी चालतो, मेव्हणीबाई. पण मशीनपण डाळीसारखं वागायला लागलं, तर माणसानं कशाची वाट बघायची?"

मी अर्थशास्त्र शिकते, पण त्या प्रश्नाला तिथे धडा नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर मराठीचा विभाग बंद झाला. म्हणजे बंद झाला असं म्हणता येत नाही. लोक फोन करतात, मराठीचं बटण दाबतात, आणि आता मशीन बोलतं. त्या दिवशी मी ताईकडेच होते. दाजी आले, बूट काढले आणि नेहमीच्या शांत आवाजात म्हणाले, "ज्यांना शिकवायचं होतं ते शिकले."

ताईला कळलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं, अगदी एखाद्या आजीला सांगावं तसं. ती रेकॉर्डिंग माणसांसाठी नव्हतीच. मशीनला ऐकवायला होती. आणि जगभर अशी मशीनं चालवायला गोदामंच्या गोदामं रॅम लागते, म्हणून ती बाजारात महाग झाली आहे, हेही त्यांनीच सांगितलं. "म्हणजे माझी पट्टीपण तिकडेच गेली आणि माझी खुर्चीपण," ते म्हणाले आणि हसले. ताई हसली नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिनं भाकरीचं पीठ मळायला घेतलं. जेवायची वेळही झाली नव्हती.

त्यांनी दुसरीकडे प्रयत्न केले. हिंदीच्या कामाला लखनौत मुलं ढिगानं मिळतात, दाजींना कोण विचारणार. मराठीची कुणालाच गरज नव्हती. घरमालकीण आंटीनं महागाई दाखवायची वेळ आली. शेवटी दाजींच्या चुलत भावाचा कोइमतूरहून फोन आला. त्याचं तिथे गलाईचं दुकान आहे, भट्टीवर माणूस हवा आहे, वर राहायला खोली आहे. आबांनी मान खाली घालून सांगितलं, "जा. आपल्या माणसांत भाकरी तरी मिळेल." ताई त्यांना एकच वाक्य बोलली, "आबा, ह्यांच्या वडिलांची छाती तुम्ही पाहिली होती ना?" आमच्या घरात दुसरी वाट कुणालाच माहीत नव्हती, आणि मी शिकते आहे तरी मलाही नव्हती.

कोइमतूरला एवढी खोकी नेता येणार नव्हती. दाजींनी आणि मी ती सगळी एका ई-रिक्षात घालून हजरतगंजच्या कॉम्प्युटर बाजारात नेली. दुकानदार साठीचा होता, पान खाणारा, बोलायला गोड. त्यानं खोकी उघडून बघितली. "सब नया है? चालू हालत में है?"

"नया है," दाजी म्हणाले. "कभी चलाया नहीं."

"अरे भैया, जब चलाया ही नहीं तो कैसे कह रहे हैं कि चलता है? गारंटी तो सबकी निकल गई।"

दाजींनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तक्रारी वाचून वस्तू पारखल्या, आणि स्वतःच्या वस्तूबद्दल त्यांना काहीच सांगता येत नव्हतं. दुकानदारालाच दया आली असावी. त्यानं टेबलावर कापड पसरलं, सगळे भाग एकमेकांना जोडले, आपल्या ड्रॉवरमधून रॅमची पट्टी काढून बसवली आणि बटण दाबलं.

पंखा फिरला. पेटीच्या आत निळा दिवा लागला. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं एकेक करून उमटत गेली, आतल्या प्रत्येक भागाचं नाव. दाजी जवळ सरकले आणि ती नावं वाचू लागले. त्यांचे ओठ हलत होते.

"चीज़ें बढ़िया चुनी हैं आपने," दुकानदार म्हणाला.

"हाँ. देख-देख के ली थीं." मग दाजी म्हणाले, "भैया, दो मिनट चलने दीजिए."

दुकानदारानं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "चलने दीजिए, बिजली का बिल नहीं माँगूँगा," असं म्हणून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. दाजी हात मागे बांधून उभे राहिले. त्यांनी कशालाही हात लावला नाही. थोड्या वेळानं दुकानदार परत आला, त्यानं बटण बंद केलं, स्वतःची पट्टी काढून ड्रॉवरमध्ये टाकली आणि दाजींच्या हातात पैसे दिले. दाजींनी ते न मोजता खिशात ठेवले.

बाहेर रस्त्यावर आलो तेव्हा ताईचा फोन आला. गर्दीत ऐकू यावं म्हणून ती मोठ्यानं बोलत होती, त्यामुळे मलाही ऐकू आलं. "विकला का?"

"विकला," दाजी म्हणाले. आणि मग, फोन ठेवता ठेवता, "चालत होता गं."