माकडांसाठी आरमारी बंदोबस्त

जहाजावर चालून येणारं क्षेपणास्त्र कसं अडवतात हे मला आमच्या ह्यांनी शिकवलं, आणि ते मी कोकणातल्या माकडांवर वापरून पाहिलं. तेव्हा लग्नाला दोन वर्षं झाली होती. अक्कल यायला अजून बराच अवकाश होता.

ऐंशीच्या दशकातला एक मे महिना. हे नौदलात, युद्धनौकेवर रडारसमोर बसायचे. रत्नागिरीजवळच्या आमच्या घरी रजेवर आले ते बातमी घेऊनच: मुंबईत क्वार्टर मिळाली होती. मी मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली. सासूबाईंनी मात्र आंब्याच्या रसाचं पातेलं खाली ठेवून विचारलं,

"परवा माकडांनी दोन ताटं साठं पळवली, तेव्हा तू कुठे होतीस गो?"

"दारात."

"काय करत होतीस?"

"बघत होते."

"मग मुंबईत घर कोण राखणार?"

त्या दिवशी आम्ही नवी बारा ताटं घातली होती. ताटात रस पसरायचा, चार दिवस अंगणात कडक उन्हात ठेवायचा, की आंबापोळीसारखं साठ सोलून काढता येतं. या बारांतलं एकही गेलं नाही तर मी मुंबईला जायचं. गेलं तर इथेच राहून राखण करायला शिकायचं. सासूबाई अट घालताना आवाज चढवत नसत, त्यामुळे तिच्यातून सुटायची सोय नसे.

दुपारी मी ह्यांना विचारलं, "अहो, तुमच्या जहाजावर कुणी काही सोडलं तर तुम्ही काय करता?"

"ते सांगायचं नसतं," हे म्हणाले. मी फणसाचे गरे पुढे ठेवले. मग ह्यांनी गऱ्यांच्या ताटाचं जहाज केलं आणि आठळ्या मांडून सगळं सांगितलं. रडार लांबूनच बघतं. मग आपलं क्षेपणास्त्र शत्रूच्या क्षेपणास्त्राला वाटेतच गाठतं. त्यातूनही ते निसटलं, तर अगदी जवळ आल्यावर एक तोफ आपली आपण सुटते.

"कुणाला न विचारता?"

"विचारायला वेळ कुठे असतो?"

हे मला इतकं आवडलं की मी तडक दोरी शोधायला उठले. माझ्या पाठीमागे हे सांगत राहिले की समुद्रावर मध्ये काही नसतं म्हणून ते जमतं. तीच यंत्रणा जमिनीवर आणायची तर झाडं आली, डोंगर आले, येणारी-जाणारी माणसं आली, आणि आपलं कोण नि परकं कोण हे आधी ठरवावं लागतं. ते असं बोलले होते, हे त्यांनीच मला नंतर पुष्कळदा ऐकवलं.

संध्याकाळपर्यंत माझं आरमार उभं राहिलं. कुंपणाकडच्या फांद्यांना रिकामे डबे बांधले, ते रडार. बेचकी आणि हिरव्या सुपाऱ्यांची टोपली, ती लांबची मारगिरी. जवळची तोफ म्हणजे माझ्या बुद्धीचा कळस. चिऱ्यांच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, जिथे खिंडार होतं, तिथल्या फांदीवर कुजक्या रायवळ आंब्यांचं घमेलं टेकवलं आणि त्याची दोरी खिंडारात गुडघ्याएवढ्या उंचीवर आडवी ताणली. दोरीला पाय लागला की घमेलं पालथं. कुणाला विचारायचं कारण नाही.

पहिल्या दिवशी डबे वाऱ्याने वाजले. मी वाऱ्यावर सुपाऱ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी कावळा, मग शेजारची बकरी. तिसऱ्या दिवशी दारूगोळा संपला, तेव्हा हे खाटेवरून म्हणाले, "आमच्या कॅप्टननी तुला पहिल्याच बंदरात उतरवलं असतं." एवढा युद्धनौकेवरचा माणूस, पण चार दिवसांत खाट सोडून उठला असेल तर जेवायलाच.

चौथ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तेव्हा साठं जवळजवळ सुटत आली होती. मी गडग्याकडे डोळे लावून बसले होते आणि माकडं आली मागून, घराच्या कौलांवरून. एकही डबा वाजला नाही. जहाजाला चारी बाजूंनी समुद्र असतो. माझ्या जहाजाला मागे घर होतं, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. सात-आठ माकडं पागोळीपाशी उतरली आणि माझ्या हातात एक सुपारी नव्हती. मुंबई गेली, असं मी मनाशी म्हटलंसुद्धा.

त्याच घटकेला माझे मामेसासरे, सासूबाईंचे थोरले भाऊ, हर्णैहून सुक्या मासळीची टोपली घेऊन एसटीतून उतरून घराकडे येत होते. पांढरं स्वच्छ धोतर, काखेत छत्री. रस्त्याने वळसा नको म्हणून ते नेहमी गडग्याच्या खिंडारातूनच यायचे. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही.

घमेलं बरोबर सुटलं. तेवढं एकच यंत्र चार दिवसांत चाललं.

डोक्यापासून पायापर्यंत पिवळे झालेले मामा छत्री उगारून, गावाला ऐकू जाईल असे ओरडत अंगणात धावले. माकडांनी असला प्राणी कधी पाहिला नव्हता. ती कौलं फोडत पळाली, ती थेट कातळापलीकडे.

"दादा, हे काय?" सासूबाई बाहेर आल्या.

"तुझ्या सुनेने मला आंघोळ घातलीन."

सासूबाईंनी भावाला पंचा दिला, मग शांतपणे एकेका ताटावरून बोट फिरवलं. बाराच्या बारा. माझ्याकडे त्यांनी इतका वेळ पाहिलं की मी पदराचं टोक चावून ओलं केलं.

"साठं हिने राखली नाहीत," त्या म्हणाल्या, "दादाने राखली."

"मग जाऊ दे गो हिला मुंबईला," मामा कानातला आंबा काढत म्हणाले. "हिची राखण करायला मी दर मे महिन्यात येणार नाही."

सासूबाईंना हसू आवरेना. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि बारांतली सहा साठं माझ्या ट्रंकेसाठी बाजूला काढली.

मामा पुढे आमच्या मुंबईच्या बिऱ्हाडी पुष्कळदा आले. तिसऱ्या मजल्यावर ना गडगा, ना फांदी. तरी ते जिन्याच्या तळाशी थांबून हाक मारायचे, "सूनबाई, आपलाच माणूस आहे गो. दोरी काढ." आणि मी वरून "काढली" म्हटल्याशिवाय पायरी चढायचे नाहीत.