आखाजीला परत नेलेले बी

चिपळूणहून निघाले तेव्हा माझ्याजवळ दोन साड्या, हापूसची एक लहान पेटी आणि औषधाच्या जुन्या डबीत थोडे वांग्याचे बी होते. साड्या आणि आंबे भावजयीला द्यायला नेत होते. बी तिच्यापुढे आपटायला.

आमच्या परसबागेच्या मंडळातल्या मैत्रिणी म्हणाल्या, जातेस तर तिकडची झाडे बघून ये आणि लिही. म्हणून लिहिते आहे. पण खरे कारण आधी सांगितलेले बरे.

माझे माहेर खानदेशात, चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. आई गेल्यावर तिसऱ्या वर्षी भावाने मला हक्कसोडासाठी बोलावले (वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा भावाच्या नावे सोडायचा कागद). चिपळुणात रस्त्याच्या कडेला ताडपत्र्या विकून मी दुकान उभे केले आहे. नगाला नग मोजून घेतल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही. त्या दिवशी मात्र मी एका शब्दाने घासाघीस केली नाही. सही केली, साडी घेतली आणि वहिनींना म्हटले, मला आईच्या वांग्याचे बी द्या. आई भरताची वांगी लावायची. हिरवी, पांढऱ्या रेघांची, एकेक दोन हातांत धरावे लागेल एवढी.

वहिनींनी राखेत घोळवलेल्या बियांची पुडी दिली. ते बी मी चिपळुणात दोन वर्षे लावले. पहिल्या वर्षी रोपे कुजली, तेव्हाच मला वहिनींचा संशय आला. दुसऱ्या वर्षी झाडे गुडघ्याएवढी झाली आणि एका आठवड्यात उभी सुकली. वांगे एकही आले नाही. पहिल्या खेपेला खरा माल कुणी बाहेर काढत नाही, हे मला धंद्याने शिकवले आहे. वहिनींनी चांगले बी घरात ठेवले आणि मला खालचे दिले, अशी माझी खात्री झाली. दोन वर्षे मी त्यांच्याशी फोनवर बोलले नाही. उरलेले बी पुरावा म्हणून जपून ठेवले.

धुळ्याला सकाळी उतरले. आपल्याकडे वैशाखात घामाने जीव जातो; इथे घाम फुटायच्या आत वाळतो आणि ओठ तडकतात. पेठेत एक ताडपत्रीवाले शेठ आहेत, त्यांच्याशी माझा जुना व्यवहार. घर मूळचे मारवाडातले, पण तीन पिढ्या धुळ्यात गेल्या. त्यांच्या दुकानात झाडांवर बांधायची हिरवी जाळी दिसली. मी तुकडा बोटांत ताणून पाहिला.

“ही दाखवायची झाली, शेठ. आता विकायची काढा.”

शेठ हसले आणि आतून दाट विणीची जाळी घेऊन आले. बघा, मी मनात म्हटले. खरा माल आतच असतो.

चहा पिताना त्यांनी गच्चीवरची बाग दाखवली. अशाच जाळीखाली तुळस, मोगरा आणि कुंडीत काचरीचा वेल (लिंबाएवढे आंबटगोड फळ). “आईने मारवाडातून बी आणलं होतं. इथे लागते, पण तिकडची चव येत नाही. आई बियाण्याला शिव्या द्यायची. आम्ही म्हणायचो, माँ, बियाणं तेच आहे, पाणी बदललं.” मी माझी वांग्याची कथा सांगितली. त्यांनी एवढेच विचारले, “लावली कधी होती, बाई?”

“मृगात. आई लावायची तेव्हाच.”

“इथला मृग म्हणजे चार शिंतोडे. तुमच्याकडचा मृग मी पाहिला आहे.”

मला राग आला. जाळीचा भाव आणखी खाली आणून ती घेतली आणि मी जिना उतरले.

शिरपूरच्या बसला गर्दी होती. नरडाण्याच्या कारखान्यांच्या पत्र्यांवर ऊन असे चमकत होते की तिकडे बघवेना. पुढे तापी ओलांडली. शेजारी एक म्हातारी मांडीवर खरबूज घेऊन बसली होती. तिने विचारले, “कथा चालनी, माय?” (कुठे निघालीस?)

“माहेरी. आखाजीला.” (अक्षय्य तृतीया, इकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधतात.)

“भाऊ शे ना?”

“आहे.”

“मंग माहेर शे,” म्हणत तिने डोळे मिटले. माझे मात्र अजून ठरत नव्हते, माहेर उरले आहे की नाही. शिरपूरला बस बदलली. चोपड्यापर्यंत दोन्ही बाजूंनी केळी, आणि केळी संपली की उघडी काळी जमीन, भेगा पडलेली.

भाऊने पिशवी घेतली आणि म्हणाला, “ये. बारीक झालीस.” वहिनींनी पाणी दिले. मी पेटी दिली, साड्या दिल्या, डबी दिली नाही. सणाच्या आदल्या दिवशी भांडण नको, एवढे मला कळते.

संध्याकाळी मागचे अंगण बघितले. मैत्रिणींनो, आपण पाणी काढून द्यायला चर खणतो. इथे पाण्याचा थेंब जपतात. आंघोळीचे पाणी कढीपत्त्याला जाते, भांड्यांचे गिलक्याच्या (घोसाळ्याच्या) वेलाला. मोगऱ्याच्या मुळाशी वहिनींनी सलाईनची बाटली टांगली होती, थेंब थेंब. मिरच्यांवर जुन्या साड्यांची सावली, त्यात आईची एक निळी साडी होती, उन्हाने पांढरी पडलेली. पपईच्या खोडाला चुना. आणि आईचा वांग्यांचा कोपरा रिकामा होता. आळी नव्हती, काडी नव्हती. तिथे भाऊने चार खांबांसाठी चुन्याने खुणा केल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आखाजी. आई-वडिलांच्या नावाने मातीच्या घागरी भरल्या, वर खरबूज ठेवले, नैवेद्य दाखवला. पुरणपोळी आणि आंब्याचा रस जेवलो. भाऊ ओट्यावर आडवा झाला. वहिनी भांडी घासायला बसल्या. मी डबी घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

“हे तुमचं बी. दोन वर्षांत एक वांगं नाही. चांगलं कुणासाठी ठेवलंत?”

वहिनींनी हात धुतले, पदराला पुसले, डबी उघडली. बी तळहातावर घेतले आणि बोटाने पसरून पाहिले.

“हे उरलं?” त्यांनी विचारले. “खरंच उरलं का, ताई?”

“उत्तर द्या आधी.”

“काय देऊ? मनाजोडे (माझ्याजवळ) काहीच नही. तुम्हाले बठ्ठं दिधं.”

बठ्ठं म्हणजे सगळे. माझा विश्वास बसला नाही. म्हटले, बी देणारी बाई अर्धे तरी मागे ठेवतेच.

“ठेवते,” वहिनी म्हणाल्या. “पण तुम्ही सही केली त्या दिवशी तुम्ही काय मागे ठेवलं? सगळी जमीन सोडली आणि मूठभर बी मागितलं. त्यातलं अर्धं मी कोणत्या तोंडाने ठेवू?”

ओट्यावर भाऊ उठून बसला होता. तो खाली बघत होता.

मी पायरीवर बसले. दोन वर्षे जिच्या नावाने मी बोटे मोडली, तिच्या घरात दोन वर्षे आईच्या वांग्याचे भरीत झाले नव्हते. वहिनींनी विचारले, “लावलं कधी?” मी सांगितले. तिकडचा पाऊस किती, तेही सांगितले. तीन दिवस सूर्य दिसत नाही, अंगणातून पाणी वाहते, पायऱ्यांवर शेवाळ येते.

“आणि त्यात तुम्ही वांगं लावलं?” वहिनींना हसू आवरेना. “माय वं! वांगं शे का बेडूक?”

मलाही हसू आले, आणि मग रडू. वहिनींनी वाटीत पाणी आणून थोडे बी टाकले. काही तरंगले, बरेच तळाला गेले. “तळाचं जिवंत आहे,” त्या म्हणाल्या.

मी भाऊकडे वळले. “त्या कोपऱ्यात काय बांधतो आहेस?”

“ट्रॅक्टरला शेड. पुढच्या आठवड्यात सिमेंट येतंय.”

“शेड गोठ्याच्या बाजूला घे.”

“तिथे वळत नाही ट्रॅक्टर.”

“मग वळायला शीक. कागद नको, सातबारा नको. तेवढा कोपरा वांग्यांचा. हक्कसोडाच्या दिवशी मी भाव केला नव्हता, भाऊ. तो आज करते आहे.”

त्याने वहिनींकडे पाहिले. त्या वाटीतल्या बियांकडे बघत होत्या. मग तो उठला आणि चुन्याची एक खूण पायाने पुसली. बाकीच्या तीन आम्ही दोघींनी पुसल्या. शेठकडची जाळी मी तिथेच बांधून दिली. राहिलेल्या बियांचे मी दोन भाग केले, एक वहिनींना दिला, एक माझ्या डबीत ठेवला.

परत येताना जळगावहून गाडी धरली. खिडकीतून केळी गेली, मग कापसाची मोकळी राने गेली. माझी तक्रार संपली, असे मी म्हणणार नाही. जमीन भावाच्याच नावावर आहे. पण तो राग वहिनींवर धरायचा नव्हता.

आता मृग लागला आहे. दुकानात ताडपत्र्यांसाठी माणसांची रीघ आहे आणि मागच्या अंगणातून लाल पाणी वाहते आहे. पेरायला हात शिवशिवतात, पण पाऊस ओसरल्याशिवाय डबी उघडायची नाही. मग जांभ्या मातीवर उंच वाफा करीन, त्यात वाळू आणि राख घालीन आणि बघीन. येतीलच असे नाही.

काल वहिनींचा फोन आला. “उगनात, ताई.” (उगवली.)

“थोडं बी मागे ठेवलंत ना?”

“नही. बठ्ठं पेरी टाकं.” (सगळे पेरून टाकले.)

मी ओरडायला तोंड उघडले आणि मिटले. चुलीवरच्या फळीवर डबी आहे, राखेत, झाकण घट्ट लावलेली. त्यांना मागे ठेवता येत नाही. ते काम मला येते.