पंख्याच्या दोरीचं भोक

आमच्या गोंदियाला समुद्र नाही, त्यामुळे इंग्रज साहेब हवा खायला तलावाकाठी यायचे. आज भरदुपारी चोरखमारा तलावाजवळचा त्यांचा एक जुना बंगला बघून आले.

उंच छत, कमानी, हातभर जाड भिंती! मी फोटो काढतच सुटले. चौकीदार काका मात्र चपला काढून व्हरांड्यातच बसले.

छताखाली भिंतीला एक छोटं भोक दिसलं. आतूनच विचारलं, "काका, हे भोक कायले जी?"

"छताले टांगलेल्या कापडी पंख्याच्या दोरीचं. साहेब आत झोपे, अन् माहा आजा इथं बसून, पायाले दोरी बांधून, दिवसभर पंखा हलवे."

"तुम्ही पाहिलं आजोबांना?"

"नाही जी. माह्या जन्माआधीच मेला."

मी बाहेर आले. काका बरोबर त्या भोकाखाली, भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. त्यांचा उजवा पाय हलत होता. पुढे, मागे. पुढे, मागे.

"काका, पाय..."

त्यांनी डोळे उघडून पायाकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी तो घट्ट दाबून धरला.

घरी आले. पंख्याच्या बटणाकडे गेलेला हात तिथंच थांबला.

खरं सांगा, बसल्या बसल्या तुमचाही पाय असा हलतो का? कोणासाठी?