पट्ट्याला खोबरेल

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे भावोजींना, जीपमधलं सगळं कळत असे. निदान असं सांगणारे आमच्या कापडे गावात ते एकटेच होते, आणि ऐकणारे आम्ही अडाणी.

नव्वदीतला तो दसरा. भावोजींनी बॉनेट उघडून इंजिनला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. जीप सुरू केली तर पुढचा रबरी पट्टा किंचाळायला लागला. सैल झालेला पट्टा घसरत होता, दुसरं काही नाही. इंजिन त्या पट्ट्याला फिरवतं आणि पट्टा पुढे तिघांना फिरवतो: पंखा, पाण्याचा पंप आणि बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो. तो त्यांच्या चाकांना घट्ट धरून असला तरच हे चालायचं. पण भावोजींच्या मते पट्टा कोरडा पडला होता.

"बैलगाडीच्या आसाला तेल घालतात ना गो? मग ह्याला का नाय?"

मी बीएस्सी, बीएड. तरी मुकाट्याने खोबरेलाची बाटली आणून दिली, वर झाकणही उघडून दिलं. आवाज थांबला. भावोजी असे हसले, जणू जीपचा शोध त्यांनीच लावला होता.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता महाडच्या एका शाळेत मला नमुना पाठ घ्यायचा होता. विज्ञान शिक्षिकेची एकच जागा होती आणि मला ती हवीच होती. भावोजी जीपने सोडतो म्हणाले, म्हणून सकाळची एसटी मी जाऊ दिली.

पोलादपूर मागे पडलं आणि स्टिअरिंगसमोर बॅटरीचा लाल दिवा लागला. भावोजी म्हणाले, तो उगाचच लागतो. मग उष्णतेचा काटा वर चढला. तो म्हणे बिघडलेलाच होता. महाडच्या अलीकडे बॉनेटमधून वाफा निघाल्या तेव्हा मात्र त्यांनी जीप थांबवली.

जवळच्या गॅरेजमधल्या मेस्त्रीने पट्ट्यावर बोट फिरवलं आणि नाकाला लावलं.

"तेल कुनी लावला? आता ह्यो धरनार कसा?"

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. "बाटली हिनंच दिलान."

खोटं नव्हतं ते. शाळेत पोचले तेव्हा साडेबारा वाजले होते आणि जागा भरली होती. पिशवीत माझी पाठाची टाचणवही तशीच राहिली. पहिल्या पानावर मी सुवाच्य अक्षरात घटक लिहिला होता: घर्षणाचे उपयोग.