कूलरच्या पायाला माझा टाका

आमच्या अकोल्यातल्या घराचं फाटक बिजागरीतून निखळलं, तेव्हा वेल्डिंगवाल्याने "उद्या येतो" म्हणत आम्हाला महिनाभर झुलवलं. शेवटी वैतागून ह्यांनी एक छोटं वेल्डिंग मशीन आणि लोखंड कापायचा कटर घरीच मागवला. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ह्यांच्या हाताला काम नव्हतं. फाटक एकदा बसलं की दोन्ही खोकी माळ्यावर जातील, असं मी धरून चालले होते.

फाटक बसलं, पण तिरकं. अजूनही ते उचलून ढकलावं लागतं. ह्यांना मात्र हुरूप चढला. खुर्चीचा पाय झाला, कपड्यांच्या तारेचा हूक झाला. बादलीचा कान जोडताना बादलीलाच भोक पडलं, तर म्हणाले की पत्राच हलका निघाला. अंगणात बाजेवर मी कुरडया वाळत घातल्या होत्या, त्यांच्यावर कटरची काळी भुकटी बसली. सगळ्या कुरडया गाईला घालाव्या लागल्या. गाईनेही निम्म्या सोडल्या.

यातलं एकही काम एकट्याने होत नसे. तुकडा पकडीत धरायला मी लागायचे. पोळी तव्यावर असली तरी अंगणातून हाक यायची. मी धरायचे, हे ठिणगी पाडायला जायचे आणि रॉड लोखंडाला चिकटून बसायचा. मग तो ओढा, हलवा, पुन्हा लावा. तेवढ्यात घरातले दिवे मंद व्हायचे. हात जरा हलला की दोष माझा.

काळ्या काचेचा मुखवटा होता, पण ह्यांना त्यातून काही दिसायचं नाही. म्हणून मुखवटा वर करून ठिणगी पाडायची आणि मग खाली घ्यायचा. असं करू नका, हे मी किती वेळा सांगितलं असेल. मी स्वतः मान वळवून, डोळे मिटून उभी राहायचे.

मे महिन्यात शेजारच्या भाभीच्या (आम्ही दोघी एकमेकींना भाभीच म्हणतो) शिलाई मशीनचा स्टँड जोडता जोडता ह्यांची अख्खी दुपार गेली. संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायला लागलं. पाणी थांबेना, उजेड सहन होईना. डॉक्टरांनी थेंब दिले, डोळे मिटून पडा म्हणाले आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच हे करायला लावलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आमच्या कूलरच्या स्टँडचा गंजका पाय तुटला. कूलर कलंडून खिडकीच्या गजांना टेकला. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत हे डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून घामाघूम पडलेले. वेल्डिंगवाल्याला फोन केला. तो म्हणाला, उद्या येतो.

मी फोन ठेवला. कूलरची वायर काढली, पाणी सोडून दिलं, भाभीला हाक मारली आणि दोघींनी मिळून कूलर विटांवर टेकवला. स्टँड अंगणात नेला, गंज घासून काढला. ह्यांचे बूट, हातमोजे आणि मुखवटा चढवला. भाभीला म्हटलं, पाय पकडीत धरा आणि तोंड तिकडे फिरवा.

पहिला रॉड चिकटला. दुसराही. खिडकीतून ह्यांचा आवाज आला, "करंट वाढव. रॉड खुपसू नको, माचिसची काडी ओढल्यासारखा ओढ."

"तुमी पडून राहा," मी म्हटलं.

"आवाजावरून समजून राहिलं मले. भजे तळल्यासारखा आवाज आला पाह्यजे."

राग तर इतका आला होता. पण करंट वाढवला. पुढच्या खेपेला चर्रर्र असा सलग आवाज आला आणि काचेतून एक झगझगीत ठिपका हळूहळू सरकताना दिसला. वरची खपली ठोकून काढली तर खाली टाक्याच्या गाठींची ओळ होती, ओबडधोबड. पाय हलवून पाहिला. हलेना. कूलर वर चढवला, पाणी भरलं आणि मी ह्यांच्या शेजारी वाऱ्यासमोर जाऊन बसले.

"पक्का बसला का?" ह्यांनी रुमालाखालून विचारलं.

"तुमच्या फाटकापेक्षा बरा."

हे हसले नाहीत. रुमाल सावरत म्हणाले, "मुखवटा खाली घेतला होता ना?"

घेतला होता म्हटलं. त्यावर ह्यांनी चाचपडत माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

डोळे बरे झाले तेव्हा वाटलं, आता तरी खोकी माळ्यावर जातील. तर ह्यांनी माझ्यासाठी वेगळे हातमोजे मागवले, माझ्या मापाचे. आणि काल सकाळी भाभी मोडक्या पलंगाचा लोखंडी पाय घेऊन दारात उभी राहिली. हे पुढे झाले, तर ती संकोचून म्हणाली, "भाईसाहेब, तुमी नका. भाभीलेच मारू द्या टाका."

मी माझे हातमोजे चढवले. कणिक मळायची तशीच राहिली.